रांगेतला अकरावा

अकरा.

तुरुंगाच्या फाटकासमोरच्या मांडवात विमलसेनचा वाढता हात थांबला. रांगेत अकराव्या जागी, पांढऱ्या शुभ्र सदऱ्यात, दिनेत उभा होता. विमलसेनच्या पोरीला, हंसिकाला मारणारा.

फाटकावरचा शिपाई मांडवात आला. खालच्या आवाजात म्हणाला, "मामा, आत्ताच सुटला. वेसाकची माफी. राष्ट्रपतींची सही आहे."

"फाशी होती त्याला."

"होती. आम्ही पाठवलेल्या यादीत दोनशे जण होते. दारू गाळणारे, नारळ चोरणारे, दंड भरता आला नाही म्हणून आत बसलेले. यादी कोलंबोहून परत आली तेव्हा दोनशे एक."

आठ.

विमलसेन वाढत होता. उकडलेला कसावा, वर मिरचीची चटणी. गेली पाच वर्षं दर वेसाकला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, त्याची दन्सल इथेच लागायची. येईल त्याला फुकट जेवण, हंसिकाच्या नावाने. पुण्य तिला पोचतं. एकालाही उपाशी परत पाठवलं तर पोचत नाही.

जागा त्यानेच निवडली होती. ते फाटक बंद आहे, एवढं वर्षातून एकदा बघायला.

"अहो," करुणावती ताटल्या पुसता पुसता म्हणाली, "संपलं म्हणून सांगा. झाका पातेलं."

"अर्धं भरलंय."

"मग मी गटारात ओतते."

"पोरीच्या नावाचं आहे."

ती पुसलेलीच ताटली पुन्हा पुसत राहिली.

पाच.

आजच सुटलेला एक म्हातारा. "मामा, हात सैल सोडा जरा. चार नारळांपायी सात महिने काढलेत." मग मागे वळून बघत, "त्या पोराने काय चोरलं हो? घ्यायला तीन गाड्या आल्यात!"

तो एकटाच हसला.

तीन.

दोन.

दोघांना वाढताना चटणी दोनदा खाली सांडली.

एक.

दिनेतची आई मोबाइल धरून बाजूला उभी राहिली. दिनेतने मान लववली, दोन्ही हात पुढे केले.

"मामा, झालं ते झालं. राष्ट्रपतींनीसुद्धा माफ केलं. आता तुम्ही—"

"हंसिका त्यांची कोण होती?"

"अं?"

"राष्ट्रपतींची. कोण लागत होती ती?"

दिनेतने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "बाळा, इकडे बघ. थोडं हस. नको, हसू नकोस."

विमलसेनने ताटली भरली. बाकीच्यांना दिलं तेवढंच. चटणीही तेवढीच.

"घे. रांग थांबलीय."

फोटो निघाला.

तिन्ही गाड्या गेल्या. फाटकाशेजारच्या कठड्यावर ताटली राहिली होती, भरलेली. अजून वाफ येत होती. विमलसेन मांडवातून बाहेर आला. त्याने कावळा हाकलला, कठड्यावर बसला आणि खायला लागला.

करुणावती धावत आली. "अहो! त्याचं उष्टं खाताय?"

"उष्टं कुठलं," घास चावत तो म्हणाला. "त्याने हातसुद्धा लावला नाही."