दोन इंच सैल

"टेप विसरलो," तपासनीस म्हणाला, तेव्हा तिने गळ्यातला काढला. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरी टेपला काय तोटा!

मोजायचे होते ते पंत. पंत म्हणजे इग्वाना, घोरपडीएवढा हिरवा परदेशी सरडा. खिडकीखाली, शिलाई मशीनच्या टेबलावर ते ऊन खात पसरले होते. नगरपालिकेचा नवा नियम साधा होता. साठ इंचांपर्यंतचा सरडा घरात चालेल, त्यावरचा जप्त. पंत नियमात बसत होते. म्हणून तर तिने स्वतःहून कळवलं होतं.

"शेपटीसकट मोजा," तपासनीस दारातूनच म्हणाला. जवळ यायची त्याची छाती नव्हती.

तिने नाकाला टेप लावला, शेपटीचं टोक चिमटीत धरलं आणि गिऱ्हाइकांची मापं जशी आयुष्यभर सांगितली तशी खणखणीत आवाजात सांगून मोकळी झाली, "एकसष्ट!"

त्याने लिहून घेतलं. मग आकडा तिच्या लक्षात आला.

"अहो, थांबा! एकोणसाठच आहे. दोन इंच मी सैल धरले."

"सैल?"

"सवयीने हो! अंगाबरोबर माप कोण सांगतं?"

"सरड्याला काय सदरा शिवताय?"

"पुन्हा मोजते. तुम्ही स्वतः टेप बघा. या ना जवळ!"

तो काही आला नाही. "बाई, पहिलं माप खरं असतं. दुसरं गरजेपुरतं. तक्रार असेल तर वर अर्ज करा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मात कोणाचं माप चुकवलं नाही, आणि चुकलं ते घरच्याचं! स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

आरडाओरडा ऐकून सासूबाई आतून आल्या. 'हे ध्यान कोणीतरी उचलून न्या रे' हा त्यांचा रोजचा जप. आज मात्र त्या तपासनिसावर कडाडल्या, "मी कंठशोष करत होते तेव्हा कुठे होतात? आता सवय झाली, तर न्यायला आलात?"

पालथ्या घड्यावर पाणी. तपासनिसाने खालच्या गाडीतून पिंजरा आणि फासाची काठी आणली. काठीच्या टोकाची तार पाहिली आणि ती मध्ये आडवी आली.

"फास नको. मीच घालते आत."

तिने हात पुढे केला. पंत नेहमीसारखे चढले. अर्धं अंग पिंजऱ्यात गेल्यावर मात्र त्यांनी तिची बाही पकडली. ती एकेक नख सोडवू लागली. एक सुटलं की दुसरं रुतायचं.

"आटपा बाई," म्हणत तपासनिसाने पिंजरा मागे ओढला.

"ओढू नका हो," ती म्हणाली. आवाजात आता भांडण उरलं नव्हतं. "नख निघेल त्यांचं."