हंबीररावांचं पथ्य

हृदयाच्या ऑपरेशननंतर मंगळवार पेठेतल्या हंबीररावांनी मटण सोडलं. तेव्हापासून तालमीच्या कट्ट्यावर ते पोरांना एकच गोष्ट ऐकवत. "मोह सगळ्यांनाच होतोय. जिभेवर ताबा पाहिजे." पोरं आदरानं मान डोलवत आणि तिथून थेट मटणाच्या खानावळीत जात.

आज तपासणीत त्यांचं कोलेस्टेरॉल आधीपेक्षा वाढलेलं निघालं. डॉक्टर अवंतिकांनी रिपोर्ट पुन्हा एकदा वाचला.

"दादा, असंच राहिलं तर परत ऑपरेशन करावं लागेल. खरं सांगा, मटण चालू आहे का?"

"आईशप्पत न्हाय. एक फोड जरी तोंडात गेली असंल, तर नावाचा हंबीरराव न्हाय. तुमचं मशीन एकदा तपासून घ्या की."

डॉक्टरांनी शेवटचा उपाय म्हणून त्यांच्या पत्नीकडे, आक्कांकडे पाहिलं. नवऱ्याच्या निग्रहाचं कौतुक आक्कांना लपवता येत नव्हतं.


"खरं हाय, बाई. शेजारी बसून फोडी सगळ्या आम्ही खातो, आणि हे बिचारं नुसत्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर भागवत्यात."