परसातलं पपनस

वन्संनी पिशवीतून परसातलं पपनस काढून ह्यांच्या हातात दिलं. "तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं रे."

चौदा वर्षांपूर्वी वन्संनी ह्यांना आपली किडनी दिली. माझा रक्तगट जुळला नाही. तेव्हापासून आठच्या ठोक्याला गोळ्या देते मी, पाणी उकळते मी, आणि येणारा-जाणारा म्हणतो, "बहिणीने जगवलं हो!" भाऊबीजेला तर ऐकून ऐकून कान किटतात.

यंदा मात्र ह्यांनी पपनस परत केलं. "ताई, नवे डॉक्टर म्हणाले, माझ्या गोळ्यांबरोबर पपनस अजिबात चालत नाही. किडनी जायची."

वन्सं पांढऱ्याफटक पडल्या. "अरे, दरवर्षी आणतेय मी!"

"घाबरू नकोस. मी एक फोडही खाल्लेली नाही. दरवर्षी किडकं निघालं म्हणून ही फेकून द्यायची."

वन्संनी माझे दोन्ही हात घट्ट धरले. त्यांचे डोळे भरून आले होते. "तुला आधीपासून ठाऊक होतं? मला वाईट वाटेल म्हणून बोलली नाहीस?"

"हो," मी म्हणाले.

एकही पपनस किडकं नव्हतं. वन्संचं आणखी काही ह्यांच्या पोटात जायला नको होतं मला, एवढंच.