वाचलेल्यांची प्लेट

मुबीनाला इतका आनंद झाला होता की पनवेलच्या कॉलेजच्या लॅबमध्ये हातमोजे घालायचंही तिला भान राहिलं नाही. सकाळी कोलंबी सोलताना काटा घुसलेलं बोट ठणकत होतं, तेही ती विसरली. एकवीस दिवस ती जिवाणूंवर माणसाच्या रक्तातलं सीरम घालत होती. ते सीरम जिवाणूंना भोकं पाडून मारायचं, आणि जे मोजके वाचायचे तेवढेच ती पुढच्या दिवसासाठी वाढवायची. आज काचेच्या प्लेटचं झाकण काढलं तर ती जिवाणूंच्या ठिपक्यांनी गच्च भरलेली. एकही मेला नव्हता.

प्लेट तशीच हातात घेऊन ती पाटकर मॅडमकडे धावली.

"मॅडम, जमलं. आता रक्त यांचं काहीच वाकडं करू शकत नाही."

"कमाल केलीस गं," मॅडमही खुर्चीतून उठल्या. "पण रोज रोज रक्त द्यायला कोण तयार झालं?"

"दुसऱ्या कुणाला कशाला त्रास? माझंच वापरलं."

मॅडमनी तिच्या हातातून प्लेट अलगद काढून घेतली.

"मुबीना, बोटाला काय झालंय?"