तुटलेला इंच

आमच्या टेपचा पहिला इंच तुटलेला, त्यामुळे काचेचं माप घेतलं की एक इंच वजा करायचा. नवी टेप घ्यायला बाबा तयार नाहीत. गिऱ्हाइकाला माझ्याबद्दल नेहमी सांगतात, “हा नुसता सोबत आलाय.” गेल्या महिन्यात त्यांचे गुडघे धरले, म्हणून पाचशे किलोमीटरवरच्या एका दुकानाच्या मापाला मी एकटा गेलो. आज काच टेम्पोत चढवून दोघं निघालो. शंभर किलोमीटर झाल्यावर बाबांनी विचारलं, “इंच वजा केलास ना?” मला काही केल्या आठवेना. “अरे, ही भट्टीत तापवून कडक केलेली काच. पुन्हा कापता येत नाही!” उरलेले चारशे किलोमीटर बाबा मागे वळून वळून काचेकडे बघत राहिले. पोहोचल्यावर काच उचलली आणि श्वास रोखून दुकानाच्या चौकटीत सरकवली. केसाचाही फरक नव्हता. दुकानदार बाबांना म्हणाला, “काचवाले, माप चोख घेतलंत!” बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “काचवाला तो. मी नुसता सोबत आलोय.”