राहिलेला अर्धा

बेरीज चव्वेचाळीस आली आणि निकिताच्या हातातला खडू थांबला. वर तिनंच लिहिलं होतं, सिद्ध करा: साइन एक अंशाचा वर्ग, दोन अंशांचा वर्ग, असं एकोणनव्वद अंशांपर्यंत, सगळ्यांची बेरीज साडेचव्वेचाळीस. अर्धा कुठं गेला, कळेना. पाठीमागं दहावीच्या पोरी होत्या आणि शेवटच्या बाकावर आप्पासाहेब. नेवाशाजवळची ती निवासी शाळा त्यांचीच. त्यांना पाठ पसंत पडला तर नोकरी, आणि नोकरीबरोबर राहायला खोली.

खोली हवीच होती. नवऱ्यानं दुसरीकडं संसार थाटला. पुरुषाला काय, चूल बदलली की झालं. माहेरी भावजय ताट वाढायची, पण आपटून. मात्र या शाळेत राहायचं तर जोडप्यानंच, अशी रीत. नवऱ्यानं मुलांच्या वसतिगृहावर लक्ष ठेवायचं, बायकोनं मुलींच्या. सकाळी आप्पासाहेबांनी विचारलं होतं, "मिस्टर दिसत न्हाईत?" आणि निकिता बोलून गेली, "पुढच्या महिन्यात येतील."

गणित खरं तर सोपं. एकला एकोणनव्वद, दोनला अठ्ठ्याऐंशी. दोघांचे मिळून नव्वद भरले की त्यांच्या वर्गांची बेरीज एक. पोरी जोड्या सांगत गेल्या, ती लिहीत गेली. आता तिनं पुन्हा वरून खाली पाहिलं तर आकडे हलायला लागले. मागं बाक करकरलं. आप्पासाहेब उठले असावेत. वळून बघायची छाती झाली नाही.

"बाई," पहिल्या बाकावरची ज्ञानेश्वरी म्हणाली. पोरगी फटकळ, वर्गात अशी एखादी असावीच. "पंचेचाळीस राहिला की. त्याला जोडी न्हाई म्हणून घेतला न्हाई व्हय?"

पोरी हसल्या. निकिता हसली नाही. चव्वेचाळीस आणि सेहेचाळीसची जोडी लावून मधला तिनं खरंच सोडून दिला होता. तिनं तो लिहिला. साइन पंचेचाळीसचा वर्ग, अर्धा. बेरीज जुळली.

"बरं शिकवता," आप्पासाहेब दाराकडं जाता जाता म्हणाले. "मिस्टर आले की खोली ताब्यात घ्या."

म्हणजे नोकरी मिळाली होती. आता फक्त गप्प बसायचं होतं. महिनाभर तरी कुणी विचारणार नव्हतं. निकितानं खडू खाली ठेवला.

"ते येणार नाहीत," ती म्हणाली. "मी खोटं सांगितलं. राहीन ती एकटीच."

आप्पासाहेब दारातून मागं आले.

"हे सकाळी का न्हाई सांगितलं?"

"भ्यायले होते."

"आन आता?"

"आताही भ्यायलेय, आप्पासाहेब. पण पोरींपुढं चुकीचं उत्तर ठेवून जाता येत नाही."

आप्पासाहेबांनी फळा वरून खालपर्यंत वाचला. निकितानं पर्स उचलली.

"उतरून घ्या गं पोरींनो," ते म्हणाले. "पुढचं बाई उद्या शिकवतील."