मनगटावरचा पट्टा

महिनाभरात सगळ्यात जास्त पावलं चालणारी, रुग्णालयातली सगळ्यात चपळ परिचारिका म्हणून मोठ्या सिस्टरांचा सत्कार झाला. पावलं मोजणारा पट्टा मिरवत त्या मंचावरून खाली उतरल्या, तोच डॉक्टरांनी त्यांना बाजूच्या खोलीत नेलं.

"सिस्टर, घाबरू नका. हा पट्टा पावलांबरोबर हृदयाचे ठोकेही टिपतो. जिना चढताना तुमचे ठोके भलतेच चुकतात. आजपासून जिना बंद. आधी तपासणी."

सिस्टरांनी मनगटावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. मग आठवलं, आपण कुठे जिना चढलो? महिनाभर त्या टेबलामागे बूड टेकून बसल्या होत्या. पट्टा बांधला होता शिकाऊ पोरीच्या हाताला, आणि सगळ्या मजल्यांवर पिटाळलं होतं तिलाच. सत्कारापुरता तो आज सकाळी काढून घेतला होता.

परवा ती पोर जिन्यात छाती धरून बसली, तेव्हा याच ओरडल्या होत्या, "या वयात धापा? नाटकं पुरे. ऊठ!"

"सिस्टर, ऐकताय ना?" डॉक्टरांनी विचारलं.

दाराबाहेरून त्याच पोरीचा आवाज आला, "सिस्टर, वरून सलाईन घेऊन येते हं!"

सिस्टर दार ढकलून धावत सुटल्या. टाळ्या वाजवून दमलेली माणसं अजून तिथेच उभी होती. त्या सगळ्यांदेखत त्यांनी पट्टा ओरबाडून काढला आणि किंचाळल्या, "थांब गं पोरी, एकही पायरी चढू नकोस! यातलं काळीज तुझं आहे!"